‘आजच सही करा, नाहीतर सबसिडी जाईल’: दारात आलेल्या सोलरवाल्याला काय सांगायचं?

दुपारचे दोन वाजलेत. घरातले कर्ते रानात आहेत, पोरं शाळेत आहेत आणि घरी आजी आणि सूनबाई आहेत. अशा वेळी ओसरीसमोर मोटारसायकल थांबते. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्रासारखं काहीतरी आणि हातात पंतप्रधानांचा फोटो छापलेली फाईल घेऊन एक तरुण उतरतो. ‘मावशी, लाईट बिल किती येतं? सरकारी योजना आलीये. बिल झिरो होणार. गावातल्या बऱ्याच जणांच्या फाईली टाकल्यात, तुमचंच घर राहिलंय.’

घरातून पाण्याचा तांब्या येतो. तरुण खुर्चीवर बसतो. अर्ध्या तासाने तो लाईट बिलाचा फोटो काढतो, आधार कार्ड मागतो, मोबाईलवर आलेला ओटीपी विचारतो आणि म्हणतो, ‘पाच हजार टोकन द्या, बाकीचं बँक बघेल. पण आजच करावं लागेल, कोटा संपत आलाय.’

ही घटना कुण्या एका घरातली नाही. पण पारगावच्या कोणत्याही मळ्यातल्या किंवा वस्तीवरच्या माणसाला ती ओळखीची वाटेल. दारात येणारी वस्तू बदलत राहते. कधी सोलर असतं, कधी पाण्याचा फिल्टर, तर कधी गॅसचा ‘सेफ्टी पाईप’. बोलण्याची पद्धत मात्र फारशी बदलत नाही. म्हणूनच अशा वेळी नेमकं काय घडत असतं, कायदा कुठपर्यंत आपल्या बाजूने आहे आणि दारात उभ्या असलेल्या माणसाला काय उत्तर द्यायचं, हे आधीच माहीत असलेलं बरं.

पारगावच का?

या पट्ट्यात पारगाव नावाचं एकच गाव नाही. जुन्नर तालुक्यात पारगाव तर्फे आळे आहे, तर आंबेगाव तालुक्याच्या पूर्व भागात भीमाशंकर सहकारी साखर कारखान्याचं पारगाव आहे. दोन्हीकडचं चित्र साधारण सारखंच आहे. ऊस, कांदा, टोमॅटो ही पिकं, कुकडी प्रकल्पाचं पाणी आणि गावठाणापासून लांब, शेतात विखुरलेली घरं.

दारोदार विकणाऱ्यांसाठी हे सगळं सोयीचं आहे. उसाचं बिल खात्यावर कधी जमा होतं आणि टोमॅटोचे पैसे कधी हातात येतात, हे परिसरात सगळ्यांनाच ठाऊक असतं. घरं लांब लांब असल्यामुळे शेजाऱ्याला हाक मारून ‘अहो, हे खरं आहे का?’ असं विचारता येत नाही. दुपारी घरी म्हातारी माणसं आणि बायकाच असतात.

त्यात इथे विजेची गरजही जरा वेगळी आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके जुन्नर वनविभागात येतात आणि इथे बिबट्या उसातून थेट अंगणापर्यंत येतो. रात्री अंगणातला दिवा चालू असणं ही इथे सुरक्षेची बाब आहे. त्यामुळे ‘लाईट गेली तरी तुमचा दिवा बंद होणार नाही’ हे वाक्य पुण्यातल्या सोसायटीपेक्षा इथे कितीतरी जास्त परिणाम करतं. आणि नेमकं हेच वाक्य बहुतेक वेळा खोटं असतं.

आधी खरी योजना समजून घेऊ

दारात आलेला माणूस ज्या योजनेचं नाव घेतो, ती योजना खरी आहे. ‘पीएम सूर्यघर : मोफत बिजली योजना’ केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केली. देशातल्या १ कोटी घरांच्या छतावर सौर पॅनेल बसवायचे, हे तिचं उद्दिष्ट आहे. त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली आणि योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत ठरवण्यात आली.

केंद्राचं अनुदान असं आहे :

– १ किलोवॅटला ३०,००० रुपये
– २ किलोवॅटला ६०,००० रुपये
– ३ किलोवॅट किंवा त्यापेक्षा जास्त क्षमतेला ७८,००० रुपये, त्यापुढे वाढ नाही

हे आकडे आले कुठून? पहिल्या २ किलोवॅटसाठी सरकारने प्रति किलोवॅट ५०,००० रुपये खर्च धरला आणि त्याच्या ६० टक्के अनुदान दिलं. तिसऱ्या किलोवॅटसाठी ४५,००० रुपये धरून ४० टक्के दिले. म्हणजे ३ किलोवॅटच्या संचाचा सरकारने धरलेला खर्च १ लाख ४५ हजार होतो. बाजारात पॅनेलची कंपनी, लोखंडी स्ट्रक्चरची उंची आणि छताचा प्रकार यावरून किंमत वर-खाली होते. पण कुणी यापेक्षा खूप मोठा आकडा सांगत असेल, तर ‘एवढा फरक कशामुळे?’ हा प्रश्न विचारायलाच हवा. सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. कोटेशन जुन्या कराने बनवलेलं नाही ना, हेही त्याच वेळी बघून घ्यावं.

अनुदान मिळण्याची पद्धतही लक्षात ठेवण्यासारखी आहे. राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहकाच्या नावाने नोंदणी होते. पोर्टलवर नोंदणी असलेल्या विक्रेत्यांपैकी एक ग्राहक स्वतः निवडतो. पॅनेल बसतात, महावितरणचे लोक तपासणी करतात, नेट मीटर लागतो आणि त्यानंतर अनुदान थेट ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होतं.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, नेहमीच्या पद्धतीत अनुदान शेवटी येतं, म्हणजे आधी पूर्ण रकमेची सोय ग्राहकालाच करावी लागते. दुसरी, सरकार कुणालाही दारोदार पाठवून टोकन गोळा करत नाही. दारात आलेला माणूस हा खासगी विक्रेत्याचा, किंवा विक्रेत्याने कमिशनवर नेमलेल्या एजंटचा माणूस असतो. यात गैर काही नाही. त्याने स्वतःला ‘सरकारकडून आलोय’ किंवा ‘महावितरणचा माणूस’ म्हणवून घेतलं, तर मात्र खोटेपणाची सुरुवात तिथेच झालेली असते.

पाच वाक्यं आणि त्यामागचं खरं-खोटं

दारातल्या विक्रीत काही वाक्यं पुन्हा पुन्हा ऐकू येतात.

‘लाईट गेली तरी तुमचं घर चालू राहील.’ अनुदानात साधारणपणे बसणारा संच ऑन-ग्रिड असतो, म्हणजे तो महावितरणच्या लाईनला जोडलेला असतो. लाईनवरची वीज गेली की हा संच आपोआप बंद पडतो. हा बिघाड नाही, तशी रचनाच केलेली असते. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छतावरून आलेल्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून हे केलेलं असतं. रात्री तर पॅनेल वीज बनवतच नाही. त्यामुळे लोडशेडिंगमध्ये अंगणातला दिवा हवा असेल तर बॅटरी लागते आणि बॅटरीचा खर्च अनुदानात धरलेला नाही. एखाद्या घराची गरज फक्त रात्रीच्या एका-दोन दिव्यांची असेल, तर दीड-दोन लाखांच्या संचापेक्षा साधा इन्व्हर्टर किंवा बॅटरीवरचा सौर दिवा जास्त उपयोगी पडेल.

‘बिल झिरो होईल, कायमचं.’ १ किलोवॅटचा संच महिन्याला साधारण १२० युनिट वीज बनवतो. पावसाळ्यात ती कमी होते आणि उन्हाळ्यात वाढते. वापरलेल्या युनिटमधून ही वीज वजा होते, पण बिलातला स्थिर आकार राहतोच. म्हणजे बिल खूप कमी होऊ शकतं, पण ‘झिरो’ हा शब्द जपूनच ऐकावा.

‘तीन किलोवॅटच घ्या, सबसिडी जास्त मिळते.’ महिन्याला ८० युनिट वापरणाऱ्या घराला ३६० युनिट बनवणारा संच कशासाठी हवा? महावितरणचा पहिल्या १०० युनिटचा दर सगळ्यात कमी असतो, त्यामुळे अशा घराची बचतही थोडीच होते. उरलेली वीज पुढच्या महिन्यांत वळती होते हे खरं, पण वर्षाअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटना तुम्ही भरता तो दर मिळत नाही, त्यापेक्षा बराच कमी मिळतो. पोर्टलवरचा सल्ला सरळ आहे. १५० युनिटपर्यंत वापर असेल तर १ ते २ किलोवॅट, १५० ते ३०० युनिट असेल तर २ ते ३ किलोवॅट. १०० युनिटपेक्षा कमी वापर असलेल्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये १ किलोवॅटची वेगळी ‘स्मार्ट’ योजना मंजूर केली आहे, तिच्यात केंद्राच्या अनुदानावर राज्याचीही भर आहे. दारात आलेला माणूस या योजनेबद्दल सहसा बोलत नाही, कारण लहान संचावर त्याची कमाईही लहान असते.

‘तुम्हाला एक रुपया भरायचा नाही, सगळं बँक करेल.’ म्हणजे कर्ज. ३ किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी बँका विनातारण कर्ज देतात आणि त्याचा व्याजदर रेपो दराच्या जवळपास असतो, म्हणजे इतर कर्जांच्या मानाने स्वस्त. हे कर्ज वाईट नाही. पण काही एजंट बँकेऐवजी एखाद्या फायनान्स कंपनीचं किंवा मोबाईल ॲपवरचं कर्ज पुढे करतात. ओटीपी दिला, खात्यातून हप्ता कापायची परवानगी दिली, की काम अर्धवट राहिलं तरी हप्ता सुरू होऊ शकतो. त्या वेळी विक्रेता आणि कर्ज देणारी कंपनी एकमेकांकडे बोट दाखवतात.

‘आज शेवटचा दिवस.’ योजनेची मुदत वर्षांत मोजायची आहे, तासांत नाही. तुमच्या गावासाठी आज संध्याकाळी कोणताही ‘कोटा’ संपत नसतो. आज केलेला अर्ज आणि पुढच्या आठवड्यात केलेला अर्ज यांच्या अनुदानात फरक पडत नाही.

याशिवाय एक गोंधळ मुद्दाम घातला जातो. घराच्या छतावरचं सोलर आणि शेतातला सौर पंप या पूर्ण वेगळ्या योजना आहेत. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांचा ५ टक्के आहे. हे आकडे सांगून घरावरचं सोलर विकलं जात असेल, तर समोरच्याला एकतर माहिती नाही किंवा तो माहिती असूनही फसवतोय.

तांबडं झालेलं पाणी

सोलरच्या आधी दारावर येणाऱ्या वस्तूंमध्ये पाण्याच्या फिल्टरचं स्थान मोठं होतं आणि अजूनही आहे. भारतात घरोघरी जाऊन उपकरणं विकण्याची पद्धत रुजवण्यात १९८२ साली सुरू झालेल्या युरेका फोर्ब्ससारख्या कंपनीचा मोठा वाटा होता. तेव्हापासून हजारो तरुणांनी या कामातून पोट भरलं आहे आणि त्यातले बरेच जण प्रामाणिकपणे वस्तू विकतात. पण याच धंद्यात भीती घालण्याचा एक प्रयोग गावोगाव पोहोचला आहे.

विक्रेता दोन ग्लास मांडतो. एकात तुमच्या नळाचं किंवा बोअरचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या आरओ फिल्टरचं. दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडतो. मिनिटभरात तुमचं पाणी तांबडं-हिरवट होतं, वर साका जमतो. फिल्टरचं पाणी जवळपास स्वच्छ राहतं. ‘बघा मावशी, हे तुमची नातवंडं पितात!’

प्रत्यक्षात पाण्यातली घाण बाहेर आलेली नसते. कांड्यांपैकी एक लोखंडाची असते. पाण्यातल्या क्षारांमुळे वीज वाहते, लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज पाण्यात पसरतो. आरओच्या पाण्यात क्षार फार कमी असतात, वीज नीट वाहत नाही, म्हणून गंजही होत नाही. खात्री करायची असेल तर विक्रेत्यालाच सांगा, ‘तुमच्या फिल्टरच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा करून दाखवा.’ तेही पाणी तांबडं होईल.

तो दाखवतो तो टीडीएस मीटरही फक्त विरघळलेले क्षार मोजतो. जंतू त्याला कळत नाहीत. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार योग्य मानतं. दुसरं पाणी उपलब्ध नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतं. बोअरचं पाणी खरंच खारं असू शकतं आणि फिल्टरची गरजही खरी असू शकते. पण ते ओळखण्याची जागा म्हणजे पाणी तपासणीची सरकारी प्रयोगशाळा. ग्रामपंचायतीतल्या जलसुरक्षकाकडे किंवा पंचायत समितीत विचारलं की नमुना कुठे द्यायचा ते कळतं.

गॅसच्या बाबतीतही असंच आहे. ‘एजन्सीकडून तपासणीला आलोय’ म्हणत कुणी पाईप किंवा शेगडी गळ्यात मारत असेल, तर सिलिंडरच्या पुस्तकावरच्या एजन्सीच्या नंबरला त्याच्यासमोरच फोन लावावा. खरा असेल तर तो थांबेल.

माणूस फसतो तो नेमका कुठे?

फसलेल्या माणसाला लोक अडाणी म्हणून मोकळे होतात. पण अशा विक्रीत शिकलेली माणसंही अडकतात, कारण इथे अज्ञानापेक्षा भीड जास्त काम करते. मराठीत ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण उगाच आलेली नाही.

दारात आलेल्याला पाणी विचारायचं, बसायला सांगायचं, ही आपली रीत आहे. विक्रेत्याला ती माहीत असते. तो ‘मावशी’, ‘काका’ म्हणत नातं जोडतो. तासभर समजावून सांगतो. मग नाही म्हणताना ‘एवढा उन्हातान्हात आला, एवढं बोलला’ असं वाटायला लागतं. तो आधी लहान होकार घेतो, ‘बिल कमी व्हायला पाहिजे ना?’ मग बिलाचा फोटो, मग फॉर्मवर नुसतं नाव, मग ‘टोकन परत मिळतं’ म्हणत पाच हजार. प्रत्येक पायरी छोटी असते आणि मागे फिरणं दर पायरीला अवघड होत जातं. शेवटी तो ‘साहेबांना’ फोन लावतो आणि साहेब ‘खास तुमच्यासाठी’ दहा हजार कमी करतात. दहा हजार एका फोनवर कमी होत असतील, तर मूळ किंमत किती फुगवलेली होती, हा विचार त्या क्षणी सुचत नाही.

घरातल्या बाईने ‘मालकांना विचारून सांगते’ म्हटलं, तर ‘ताई, एवढाही निर्णय तुम्हाला घेता येत नाही का?’ असा टोमणा येतो. हा लाजवून होकार घेण्याचा प्रकार आहे.

ॲपवर बंदी, दारात मोकळीक

गंमत अशी की हेच प्रकार मोबाईलवर झाले तर त्यांच्याविरुद्ध नियम आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात फसव्या युक्त्यांचे १३ प्रकार दिले आहेत. ‘फक्त आजच’ असं सांगून खोटी घाई निर्माण करणं आणि ग्राहकाला लाजवून होकार मिळवणं, हे दोन्ही त्यात आहेत. पण ही तत्त्वं ऑनलाइन व्यवहारांसाठी आहेत. ओसरीवर बसून माणसाने केलेली खोटी घाई त्यात येत नाही.

दारावरच्या विक्रीसाठी २०२१ चे थेट विक्री नियम आहेत. त्यानुसार विक्रेत्याने ओळखपत्र आणि आधी घेतलेली वेळ किंवा परवानगी याशिवाय ग्राहकाच्या घरी जायचं नाही. बोलायला सुरुवात करतानाच आपण कोण, कोणत्या कंपनीचे आणि कशासाठी आलो, हे सांगायचं. नियम चांगला आहे, पण तो विक्रेत्यांचं जाळं उभं करून माल विकणाऱ्या थेट विक्री कंपन्यांसाठी आहे. सोलर विक्रेत्याने कमिशनवर पाठवलेला प्रत्येक एजंट त्यात बसेलच असं नाही.

सगळ्यात मोठी उणीव आहे ती विचार बदलण्याच्या मुदतीची. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून नियम आहे. विक्रेत्याने घरी येऊन केलेली ठरावीक रकमेपुढची विक्री ग्राहक तीन कामकाजी दिवसांत रद्द करू शकतो. कारण द्यावं लागत नाही. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये ही मुदत १४ दिवसांची आहे. न बोलावता घरी आलेल्या विक्रेत्याच्या बाबतीत ती ३० दिवसांपर्यंत वाढवायची मुभाही युरोपीय संघाने २०१९ मध्ये सदस्य देशांना दिली. दारात बसलेल्या माणसासमोर घेतलेला निर्णय मोकळ्या मनाने घेतलेला नसतो, हे तिथल्या कायद्याने मान्य केलं आहे.

भारतात दारावरच्या प्रत्येक खरेदीला लागू होईल असा ‘मन बदललं, परत घ्या’ म्हणण्याचा सरसकट हक्क नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. बिलावर लिहिलेली मुदत किंवा ती नसेल तर ३० दिवस, असं तिथे आहे. पण त्यासाठी माल किंवा सेवा सदोष असावी लागते. ‘दबावात सही केली’ एवढ्यावर पैसे परत मिळत नाहीत. करार कायद्यात फसवणुकीने किंवा गैर दबावाने झालेला करार रद्द करता येतो, पण ते सिद्ध करावं लागतं.

थोडक्यात, कायदा जी मुदत देत नाही ती घराने स्वतःच घ्यायची आहे, आणि ती सहीच्या आधी घ्यायची आहे. सही झाल्यावर मिळवायला आयोगाची पायरी चढावी लागते.

दारात काय करायचं?

घरात सगळ्यांनी मिळून एकच नियम ठरवावा. पहिल्या भेटीत सही नाही, पैसे नाहीत, ओटीपी नाही. समोरचा माणूस खरा असो वा खोटा, नियम सगळ्यांना सारखा. त्यामुळे आजीला किंवा सूनबाईला त्या क्षणी पारख करत बसावं लागत नाही. ‘आमच्या घरात असं ठरलंय’ एवढं सांगितलं की भीडही पडत नाही आणि कुणाचा अपमानही होत नाही.

मग पुढचं :

– बोलणं ओसरीवरच, कागद आपल्या हातात. लेखी कोटेशन ठेवून जायला सांगा. त्यात कंपनीचं नाव, जीएसटी क्रमांक, पॅनेल आणि इन्व्हर्टरची कंपनी, किती किलोवॅट, अनुदान न धरता एकूण किंमत आणि हमी हे सगळं हवं. कोटेशन ठेवायला जो तयार नाही, त्याच्याशी पुढे बोलायची गरज नाही.
– नाव पोर्टलवर बघा. पीएम सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदणीकृत विक्रेत्यांची यादी आहे. यादीत नसलेल्याकडून संच बसवला तर अनुदान अडकतं. माहितीसाठी १५५५५ हा क्रमांक आहे.
– महावितरणच्या कार्यालयात एक चक्कर. लाईट बिल अजून आजोबांच्या नावावर असेल, तर अर्जाआधी नावाचा प्रश्न सोडवावा लागतो. एजंट हे नंतर सांगतो. १९१२ वर फोन करूनही विचारता येतं.
– तीन कोटेशन घ्या. मंचर, नारायणगाव, आळेफाटा इथे बाजाराला जाणं होतंच. तिथल्या दुकानदाराकडून आणखी दोन भाव घेतले की पहिल्याचा खरेपणा कळतो.
– ज्याच्या घरावर बसलंय त्याला भेटा. ‘गावात बऱ्याच जणांनी घेतलं’ म्हणणाऱ्याला दोन घरांची नावं विचारा. जाऊन पावसाळ्यातलं बिल बघा आणि अनुदान जमा झालं का ते विचारा.
– छत मोजा. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट, सावली न पडणारी जागा लागते. पत्र्याचं छत असेल तर वजन आणि वारा पेलेल का, हे जागेवर चढून बघितल्याशिवाय कुणी सांगू शकत नाही.
– पैसे टप्प्याने आणि खात्यावरच. रोख नाही, एजंटच्या वैयक्तिक नंबरवर नाही. शेवटचा टप्पा नेट मीटर लागल्यावर. विक्रेत्याने पाच वर्षं देखभाल करायची असते, ते करारात लिहून घ्या.

नाही कसं म्हणायचं? कारणं द्यायची नाहीत. ‘पैसे नाहीत’ म्हटलं की तो कर्ज काढून देतो. ‘मालक घरी नाहीत’ म्हटलं की संध्याकाळी परत येतो. ‘आम्हाला आज काही घ्यायचं नाही, कागद ठेवून जा’ हे वाक्य पुरेसं आहे. तेच तीनदा म्हणायचं आणि उठून आत जायचं. तरीही तो हलत नसेल, धमकावत असेल, तर ११२ वर पोलिसांना फोन करता येतो.

यात एक काळजी मात्र घ्यायला हवी. अशा फसवणुकीच्या बातम्या आल्या की काही ठिकाणी ‘फेरीवाल्यांना गावात बंदी’ असे फलक लागतात. त्याचा फटका भांडी, चादरी, भाजी विकून जगणाऱ्या गरीब माणसाला बसतो. पन्नास-शंभर रुपयांची वस्तू विकणाऱ्याकडून गावाला धोका नाही. दोन लाखांच्या करारावर सही मागणाऱ्याची नोंद ग्रामपंचायतीत व्हावी, ग्रामसभेत योजनेची माहिती महावितरणच्या माणसाने द्यावी आणि गावाने मिळून भाव मागवावेत. एकट्या घरापेक्षा वीस घरांना भाव चांगला मिळतो आणि एजंटलाही खोटं बोलणं जड जातं.

सही आधीच झाली असेल तर?

पहिलं काम म्हणजे लाज बाजूला ठेवून घरच्यांना सांगणं. उशीर झाला की नुकसान वाढतं.

कर्ज मोबाईलवरून झालं असेल तर लगेच करारपत्र बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डिजिटल कर्जात किमान एक दिवसाची मुदत मिळते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या काळाचं व्याज भरून, दंड न देता बाहेर पडता येतं. काही ठिकाणी एकदाच आकारलं जाणारं प्रक्रिया शुल्क कापलं जातं. बँकेत जाऊन खात्यातून हप्ता कापण्याची परवानगी कुणाला दिली गेली आहे, तेही तपासा. ओटीपी घेऊन पैसेच उडवले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब तक्रार करा. इथे एकेक तास महत्त्वाचा असतो.

काम सुरू झालं नसेल तर विक्रेत्याला लेखी कळवा की करार रद्द करायचा आहे. व्हॉट्सॲपवरचा संदेश चालेल, सोबत रजिस्टर पोस्टाने पत्रही पाठवा. फोनवर बोलून थांबू नका. पावती, कोटेशन, संदेश, त्याच्या ओळखपत्राचा फोटो हे सगळं जपून ठेवा.

दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही तक्रार करता येते. त्यापुढची पायरी म्हणजे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. कंपनीचं कार्यालय दुसऱ्या राज्यात असलं तरी ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे पारगावच्या माणसाला पुण्यातच दाद मागता येते. ऑनलाइन तक्रारीसाठी ‘ई-जागृती’ पोर्टल आहे.

सौर ऊर्जा ही कामाची गोष्ट आहे. ज्या घरात वापर जास्त आहे, छत चांगलं आहे, त्या घरात पैसे काही वर्षांत वसूल होतात आणि पॅनेल पुढे बरीच वर्षं चालतात. एवढी वर्षं चालणाऱ्या वस्तूचा निर्णय घ्यायला आठवडा लागला तर काही बिघडत नाही. खरा विक्रेता आठवड्याने परत येतो. त्याचा माल, नंबर आणि भाव तोच असतो. पुढच्या वेळी दारात मोटारसायकल थांबेल तेव्हा पाणी जरूर द्यावं, सही मात्र घरातले सगळे एकत्र बसल्यावरच करावी.